पोटाखालचा रंग

स्पिटफायर मी पहिल्यांदा पाहिलं ते शेंगदाण्यांच्या पुडीवर. मुखेडच्या आठवडी बाजारातली पुडी, कुठल्याशा इंग्रजी मासिकाच्या पानाची. शेंगदाणे संपले, पान राहिलं. वर्गात पुस्तकाच्या आत, पुढे पाकिटात, मग घडीवरच फाटलं. पंचेचाळिशी ओलांडल्यावर एकदा कुरिअरवाला चपटं खोकं देऊन गेला, तेव्हा बायकोनं विचारलं, "पोरांसाठी काय?" मी हो म्हणालो.

खोक्यात करड्या प्लास्टिकच्या दोन चौकटी, त्यांना लोंबणारे तुकडे, नकाशासारखा कागद. मूळ विमानाचा बहात्तरावा हिस्सा, म्हणजे सहा फुटी माणूस इंचभर उंच आणि पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेपंधरा सेंटीमीटर. वीतभरही नाही. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत 'मेड इन इंडिया'. इंग्लंडची एअरफिक्स कंपनी अलीकडे आपली कितीतरी मॉडेलं भारतातच ओतून घेत आली आहे. इंग्रजांचं सगळ्यात लाडकं विमान आपल्याच देशात साच्यातून निघून, मोठा फेरा घालून माझ्या टेबलावर आलं होतं.

जोडणीचं फार सांगत नाही. पहिलं मॉडेल सगळ्यांचं सारखंच बिघडतं. तुकडे नेलकटरनं सोडवले. धडाच्या दोन फाकांमधली फट लांबी भरून पॉलिश पेपरनं घासली. शेवटी वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण झटपट चिकटणाऱ्या गमानं बसवलं आणि तिथंच घात झाला. त्या गमाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी साय धरते, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. आत मन लावून रंगवलेला वैमानिक कायमचा धुक्यात गेला.

खरी पंचाईत पुढे होती. विमानाच्या कुशीवर अक्षरं कुठली लावायची? कोमट पाण्यात भिजवून सरकवायच्या पातळ चकत्या खोक्यात असतात, पण त्या कंपनीनं निवडलेल्या तुकडीच्या. मला हवी होती 'यूएम'. ही १५२ क्रमांकाच्या तुकडीची अक्षरं. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या वॉर्मवेल तळावरून ती स्पिटफायर घेऊन लढली. तिचं अधिकृत नाव १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन. बोधचिन्हात निजामाचा दस्तार आणि खाली इंग्रजीत ब्रीद: विश्वासू मित्र. ही इंग्रजांनी निजामाला दिलेली पदवी. आमच्याकडे म्हातारी माणसं विमानाला 'इमान' म्हणतात. इंग्रजांशी निजामाचं इमान होतं आणि त्या इमानाची ही इमानं.

हैदराबादचं नाव मिरवणारी ही एकच तुकडी नव्हे. २५३ क्रमांकाची हरिकेन विमानांची होती. ११० ची ब्लेनहाइम विमानं तर ४ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, जर्मन युद्धनौकांवर बाँब टाकायला गेली होती. या ११० ची कथा आधीच्या महायुद्धात सुरू होते. १९१८ साली तिची डीएच-९ए जातीची विमानं निजाम मीर उस्मान अली खाननं दिलेली होती. मूळच्या प्रत्येक विमानावर तसा मजकूर रंगवलेला होता. दोनेक महिन्यांच्या लढाईत त्यातली डझनाहून जास्त परत आली नाहीत. एफ-१०१० क्रमांकाचं विमान ५ ऑक्टोबर १९१८ ला जर्मनांच्या हाती लागलं. ते बर्लिनच्या संग्रहालयात गेलं, दुसऱ्या महायुद्धात तिथून पोलंडला हलवलं गेलं आणि क्राकूवच्या संग्रहालयात येऊन पडलं. १९७७ साली इंग्रजांनी ते परत मिळवलं, पण अदलाबदलीत. पोलंडला त्या बदल्यात त्यांनी दिलं एक स्पिटफायर! लंडनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात ते निजामी विमान आज उभं आहे.

निजामाच्या तिजोरीतला पैसा दिवाणी मुलखाचा असो की सरफेखास, म्हणजे त्याच्या खासगी मुलखाचा, शेवटी तो आमच्याकडच्या कुळांच्या ज्वारीतूनच निघायचा. विमानावर रंगवलेल्या मजकुरात कुळांना जागा नव्हती. माझा 'यूएम'चा हट्ट त्यासाठीच होता. सुट्या अक्षरांच्या पानातून यू आणि एम कापून लावले. एम किंचित तिरका बसलाय.

मग रंग. पाठीवर हिरवा आणि मातकट तपकिरी पट्टा. हा तपकिरी इंग्लंडच्या नांगरटीचा आहे. आमच्या काळ्या शिवारावर असं विमान उतरलं असतं तर कोसावरून दिसलं असतं. एप्रिलमध्ये मुखेडला रंग ब्रशवरच सुकतो, त्यामुळे दर दोन फटकाऱ्यांनी टर्पेंटाइन.

पोटाच्या रंगाचं नाव 'स्काय'. नावाप्रमाणे आभाळी असेल असं वाटलं होतं. डबी उघडली तर फिकट, पिवळसर हिरवा. बदकाच्या अंड्याच्या कवचासारखा म्हणतात. मी बदकाचं अंडं पाहिलेलं नाही. मला तो जुन्या घरांच्या भिंतींवरचा वाटला. या रंगावरून मॉडेलवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं भांडणं चालली आहेत. जून १९४० मध्ये लढाऊ विमानांची पोटं या रंगात रंगवायचा हुकूम निघाला, पण रंगच पुरेना. मग तळातळावर जमेल तसा निळा-हिरवा कालवला गेला. त्यामुळे त्या उन्हाळ्यातल्या नेमक्या एका विमानाचं पोट कसं होतं, यावर कृष्णधवल फोटो नाचवत माणसं हमरीतुमरीवर येतात. मला वाटतं, दोन्ही बाजू खऱ्या असतील.

हा रंग आला कुठून ते शोधताना एक माणूस सापडला आणि मॉडेल पंधरा दिवस तसंच पडून राहिलं. सिडनी कॉटन. जन्म १८९४, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचा. पहिल्या महायुद्धात वैमानिकांना ऊब देणारा 'सिडकॉट' पोशाख त्याच्या डोक्यातून निघाला. १९३९ साली लॉकहीड विमानात कॅमेरे लपवून, व्यापाऱ्याच्या वेशात त्यानं जर्मनीवरून हेरगिरी केली. युद्ध लागल्यावर स्पिटफायरमधल्या मशीनगन काढून कॅमेरे बसवायला लावले. उंचावरचं विमान खालून दिसू नये म्हणून फिकट हिरवा रंग तयार करवला आणि त्याला नाव दिलं 'कॅमोटिंट'. तोच पुढे 'स्काय' झाला. कल्पना कुठून सुचली, याची एक गोष्ट सांगितली जाते. जोधपूरच्या महाराजांचं तसल्या रंगाचं विमान लंडनजवळच्या हेस्टन तळावरून उडालं आणि बघता बघता आभाळात विरघळलं. गोष्ट फारच सुबक आहे, म्हणून मला थोडा संशय येतो.

वरिष्ठांशी पटेना, म्हणून १९४० मध्येच त्याला बाजूला सारण्यात आलं. इथवर हा इंग्रजांचा माणूस. १९४८ मध्ये तो आपल्या इतिहासात शिरतो.

भारतानं हैदराबाद संस्थानाची नाकेबंदी केली होती. निजामाला शस्त्रं हवी होती. कॉटननं लँकॅस्ट्रियन विमानं, म्हणजे लँकॅस्टर बाँबफेकीची प्रवासी भावंडं, मिळवली आणि कराचीहून हैदराबाद संस्थानात शस्त्रं उतरवायला सुरुवात केली. उतरायची ठिकाणं वरंगळ आणि बिदर. बिदर मुखेडपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. सप्टेंबरमध्ये भारताचं सैन्य संस्थानात शिरलं आणि पाच दिवसांत सगळं संपलं. पुढे लंडनच्या न्यायालयानं कॉटनला दंड केला, दोनशे पौंड. १९६९ साली तो वारला. त्याच वर्षी आलेल्या त्याच्या चरित्रकथेत हैदराबाद हे आणखी एक धाडस आहे, इतकंच.

माझी आत्या तेव्हा दहा वर्षांची होती. 'रझाकारीत', म्हणजे रझाकारांच्या धाडींच्या काळात, घरची सगळी रात्री ज्वारीच्या पिकात झोपायची, एवढंच ती सांगते. खोकला आला तर तोंडावर हात.

कॅमोटिंटचा शेवटचा हात मी एका रविवारी दिला. वाळल्यावर मॉडेल दोऱ्यानं ओसरीच्या सरीला टांगलं, म्हणजे खालून फक्त पोटच दिसेल. ओसरीची भिंत तसल्याच फिकट हिरव्या रंगाची आहे, हे टांगल्यावर लक्षात आलं. आत्या बाजेवर पडली होती. तिचा एक डोळा मोतीबिंदूचा.

"आत्या, वर बघ. इमान."

ती डोळ्यांवर आडवा हात धरून बराच वेळ बघत राहिली.

"कुठंय? मला तर काईच दिसंना गेलंय."