नाटककार अत्रे, ‘मराठा’कार अत्रे

विठ्ठलवाडीच्या नाटकवेड्यांचं हक्काचं नाट्यगृह म्हणजे लोकलने एकाच स्टेशनावरचं कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर. नाव रोज तोंडी असतं, पण त्यामागचे दोन अत्रे एकदम आठवत नाहीत.

१९३३चं ‘साष्टांग नमस्कार’ आणि १९३६चं ‘लग्नाची बेडी’ यांनी मराठी रंगभूमीला हसवलं. ‘घराबाहेर’ आणि ‘उद्याचा संसार’ मात्र घरात घुसमटणाऱ्या बाईची बाजू घेऊन उभी राहतात. अत्र्यांना निव्वळ विनोदी नाटककार म्हणणाऱ्यांनी ही दोन पुन्हा वाचावीत.

नोव्हेंबर १९५६मध्ये ‘मराठा’ दैनिक निघालं आणि संयुक्त महाराष्ट्राची तोफ धडाडू लागली. मोरारजी देसाईंवर अत्र्यांनी लिहिलं त्यात भीडमुर्वत नव्हती. कधी कधी संयमही नव्हता. नेहरूंवरही त्यांनी कोरडे ओढले. तरी १९६४मध्ये नेहरू गेल्यावर ‘सूर्यास्त’ ही हळवी लेखमाला लिहिणारेही तेच. वैर आणि प्रेम, दोन्ही उघड्यावर.

या राजकारणामुळे त्यांचं नाट्यलेखन झाकोळलं, असं मला ठामपणे वाटतं. तरी ऐन धामधुमीनंतर, १९६२मध्ये त्यांचं ‘तो मी नव्हेच’ रंगभूमीवर आलं. फिरता रंगमंच, कोर्टातला खटला आणि प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका. प्रत्येक सोंगाची भाषा वेगळी, लकब वेगळी. संवादांतूनच माणूस बदलतो. आणि यातला लखोबा लोखंडे तंबाखूचा व्यापारी, तोही निपाणीचा. म्हणजे संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या गावचा.