माळरान आणि पडीक जमीन

जेथे पर्जन्य अल्प, मातीचा थर उथळ आणि म्हणून वृक्षांपेक्षा गवताचाच अंमल असतो, ते माळरान ही एक स्वतंत्र परिसंस्था (सजीव आणि त्यांचा भोवताल यांची परस्परावलंबी व्यवस्था) होय. परंतु ज्या जमिनीतून सारा वसूल होत नाही ती पडीक, अशी नोंद महसुली दफ्तरात ब्रिटिश अमदानीत रूढ झाली. आणि अशा जमिनीवर झाडे लावली की निसर्गसेवा घडली, हा हेतूने निर्मळ असलेला समज पुष्कळ अंशी त्याच नोंदीचा वारस आहे. वास्तविक गवताचे धन पेवातल्या धान्यासारखे असते : वर मोकळे अंगण, साठा भूमीच्या पोटात. ग्रीष्मात पाती करपली तरी मुळे जिवंत राहतात, आणि कार्बनचा मोठा अंश मातीतच सुरक्षित असतो. माळढोक व धाविक हे पक्षी आणि काळवीट यांना उघडा मुलूखच मानवतो. सोलापूरनजीक नान्नज येथे १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले खरे. पण माळावर ग्लिरिसिडिया, सुबाभूळ या झाडांची दाट लागवड झाल्यास असा पक्षी तेथे राहावा कसा? वृक्षारोपण ओढ्याकाठी, बांधावर, तुटलेल्या रानात अवश्य करावे; माळावर मात्र चराईचा हिशेब राखून गवतच वाढू द्यावे, आणि त्या हिशेबात धनगरांचा सल्ला घ्यावा.