जिगर

जिगर : तिसऱ्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धांचा अधिकृत शुभंकर. या स्पर्धा १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात पुणे येथे भरल्या. त्यांचे मुख्य केंद्र बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडानगरी हे होते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने ही क्रीडानगरी उभारण्यात आली होती.

जिगर हा मनुष्यवत कल्पिलेला वाघ होय. ‘जिगर’ हा शब्द मूळचा फार्सी असून त्याचा वाच्यार्थ यकृत वा काळीज असा आहे. मराठीत तो धाडस या लाक्षणिक अर्थाने रूढ आहे (उदा., जिगरबाज).

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचा शुभंकर ‘शेरा’ हाही वाघच. जिगर हा त्याचा धाकटा भाऊ, असे आयोजकांनी कल्पिले होते. पुण्याच्या स्पर्धा दिल्लीच्या स्पर्धांची पूर्वतयारी मानल्या जात. हा संबंध या कल्पित नात्यातून सूचित होतो. त्यामुळे धाकट्याच्या स्पर्धा थोरल्याच्या आधी दोन वर्षे पार पडल्या.

सर्वच शुभंकर निव्वळ कल्पित नसतात. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांचा शुभंकर ‘अप्पू’ यामागे कुट्टीनारायणन हा खरा हत्ती होता. तो २००५ मध्ये मरण पावला. त्याचे चरित्र पडताळता येते, जिगरचे येत नाही. म्हणून शुभंकराविषयी लिहिताना स्पर्धेच्या तारखा व स्थळ यांची नोंद वस्तुस्थिती म्हणून, तर त्याचे नातेसंबंध व गुण यांची नोंद आयोजकांची कल्पना म्हणून करणे आवश्यक ठरते. अन्यथा प्रचारासाठी रचलेली कथा कालांतराने इतिहास म्हणून रूढ होण्याचा संभव असतो.