मोबाइल आपला, ॲप कार्यालयाचे

सालेकसा, देवरीच्या जंगलपट्ट्यातली अंगणवाडी असो की गोंदिया शहरातली, बालकांचे वजन-उंची, हजेरी, आहारवाटप हे सारे आता मोबाइलवर भरावे लागते. केंद्र सरकारचे ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप मार्च २०२१ मध्ये आले. सेविकांना सरकारी मोबाइल मिळाले होते. पण ते तापत, मध्येच बंद पडत, आणि ॲप इंग्रजीत होते. म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते परत केले. रोजगार हमीच्या कामांवरही जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा, ठिकाणाच्या नोंदीसह फोटो काढून लावणे सक्तीचे झाले. सरकारी मोबाइल नसला किंवा निकामी झाला, की ही कामे घरच्या मोबाइलवर येऊन पडतात. त्याच मोबाइलमध्ये बँक असते, दवाखान्याचे कागद असतात, मुलींचे फोटो असतात.

मग कामाचे ॲप यातले काय काय पाहू शकते? अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो आणि त्याची माहिती वेगळ्या कप्प्यात राहते. एका ॲपला दुसऱ्याच्या कप्प्यात शिरता येत नाही. मात्र कॅमेरा, फोटो, संपर्क यादी किंवा लोकेशन यांची परवानगी आपण दिली, की तेवढे दार उघडते.

लोकेशनबद्दल एक गैरसमज आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे जीपीएस उपग्रह आपल्याला पाहत नाहीत. ते फक्त वेळेचे आणि स्वतःच्या जागेचे संकेत सोडतात; किमान चार उपग्रहांचे संकेत पकडून आपण कुठे आहोत हे मोबाइलच काढतो. ते ठिकाण बाहेर पाठवते ॲप. म्हणून ‘ॲप वापरतानाच’ हा पर्याय मोलाचा आहे. तो २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून उपलब्ध आहे. तो निवडला, तर काम संपवून ॲप बंद केल्यावर आपल्या फिरण्याची नोंद त्या ॲपला मिळत नाही.

याहून पक्की सोय म्हणजे ‘वर्क प्रोफाइल’. एकाच घरात दोन खोल्या आणि दोन कुलपे, तशी एकाच मोबाइलमध्ये कामाची आणि खासगी ॲप वेगळी ठेवणारी ही रचना आहे. कार्यालयाला कामाच्या खोलीतली माहिती पुसता येते. खासगी फोटो आणि ॲप दिसत नाहीत. याउलट संपूर्ण मोबाइलचे ‘डिव्हाइस ॲडमिन’ अधिकार दिले, तर काही ॲपना दुरून अख्खा मोबाइल कोरा करता येतो.

गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीविना वापरण्याची मुभा आहे. त्यामुळे जबाबदारी कार्यालयांचीच ठरते. ॲप सक्तीचे असेल, तर चालणारा मोबाइल आणि डेटाचा खर्च द्यावा. ते जमत नसेल, तर कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळ ठेवणार हे मराठीत लेखी सांगावे. आणि आपण आजच सेटिंग्जमधल्या ‘परवानग्या’ उघडून पाहाव्यात. कामाला लागत नाही ती परवानगी बंद करणे हा आपला हक्क आहे.