रोझ होबार्ट : एका एकतर्फी अनुरागाचा मागोवा

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात, युटोपिया पार्कवे नावाच्या रस्त्यावरील एका साध्या घरात, आई आणि जन्मतःच पंगू असलेला धाकटा भाऊ यांच्या सोबतीने ज्याचे बहुतेक आयुष्य गेले, ज्याने विवाह केला नाही आणि आपल्या देशाबाहेर कधी पाऊलही टाकले नाही, त्या जोसेफ कॉर्नेल या अबोल गृहस्थाने १९३६ साली सुमारे १९ मिनिटांचा एक लघुचित्रपट सिद्ध केला. चाहत्याच्या एकतर्फी प्रेमाविषयी त्यानंतर पुष्कळ चित्रपट निघाले. परंतु त्या प्रेमाचे इतके निर्मळ आणि तितकेच अस्वस्थ करणारे रूप माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

कॉर्नेल कापडाच्या धंद्यात नोकरी करून पोट भरीत असे आणि उरलेल्या वेळी जुन्या बाजारांतून छायाचित्रे, चित्रफिती, नकाशे असा ऐवज गोळा करीत असे. ज्या नर्तकी आणि नटी त्याच्या मनात भरत, त्यांच्या नावाची स्वतंत्र दप्तरे तो घरी बाळगी, आणि त्यांत वर्षानुवर्षे नव्या कात्रणांची भर पडत राही. 'ईस्ट ऑफ बोर्निओ' या १९३१ सालच्या युनिव्हर्सल कंपनीच्या बोलपटाची प्रत अशाच संग्रहाच्या ओघात त्याच्या हाती आली. हरवलेल्या नवऱ्याच्या शोधार्थ अरण्यात शिरलेली स्त्री, सुसरी, ज्वालामुखी आणि एक विलासी राजा, असा त्या बोलपटाचा सवंग मसाला होता. कॉर्नेलने त्यातून नायिकेचे, म्हणजे रोझ होबार्ट या नटीचे प्रसंग तेवढे वेचले, त्यांचा मूळ क्रम मोडला, ग्रहण पाहणाऱ्या लोकांची आणि पाण्यात पडून तरंग उठविणाऱ्या गोलकाची अशी परकी दृश्ये मध्ये जोडली, आणि तयार झालेल्या कृतीला त्या नटीचेच नाव दिले. दाखविताना तो ती मूकपटाच्या मंद गतीने, निळ्या काचेतून दाखवी, आणि सोबत नेस्टर अमराल याच्या ब्राझिली संगीताच्या तबकड्या लावी.

या कृतीचे मर्म तिच्यात काय वगळले आहे, त्यात आहे. नायिका पडदा बाजूला सारते, मान वळवते, कोणाकडे तरी कुतूहलाने किंवा भयाने पाहते. परंतु ती ज्याच्याकडे पाहते तो पुरुष बहुधा पुढच्या दृश्यात येतच नाही, कारण कात्रीने त्याची जागाच नाहीशी केली आहे, आणि ओठ हलत असूनही तिचा शब्द आपल्या कानी पडत नाही. एका जिवंत स्त्रीची वाचा, तिची कथा आणि तिच्या हालचालींचा हेतू असा सर्वस्वी काढून घेण्याचा अधिकार चाहत्याला कोणी दिला, हा प्रश्न हा चित्रपट पाहणाऱ्याने स्वतःला विचारलाच पाहिजे. माझे उत्तर असे, की कॉर्नेलने येथे अधिकार गाजवला असला तरी त्या बदल्यात स्वतःसाठी काहीही मागितले नाही; तिच्या नजरेसमोरची जी जागा त्याने रिकामी केली, तेथे त्याने स्वतःलाही उभे केले नाही.

याच्या नेमके उलट वर्तन पहिल्याच जाहीर खेळात घडले. १९३६ च्या डिसेंबरात ज्यूलियन लेव्ही यांच्या कलादालनात हा चित्रपट दाखविला जात असता साल्वादोर दालीने संतापाने प्रक्षेपक उलथून टाकला. ही कल्पना आपल्या मनातली असून ती कॉर्नेलने चोरली, अशी त्याची फिर्याद होती. मुळात भिडस्त असलेल्या कॉर्नेलच्या मनावर या प्रकाराचा असा आघात झाला, की पुढे कित्येक वर्षे तो चित्रपट लोकांसमोर मांडण्यास तो राजी नसे.

पुढला इतिहास भूमिगतच आहे. कॉर्नेलकडे काही काळ मदतनीस असलेल्या केन जेकब्सने त्याच्याकडून या चित्रपटाची प्रत मागून नेली आणि जॅक स्मिथ या आपल्या मित्रासह ती पुनःपुन्हा पाहिली. साठोत्तरी न्यूयॉर्कच्या बंडखोर चित्रपटावर तिचा संस्कार झाला तो असा, जाहिरात किंवा टीकालेख यांच्यावाचून. १९६९ साली अँथॉलॉजी फिल्म आर्काइव्हजसाठी नवी प्रत काढण्यात आली, तेव्हा कॉर्नेलने निळ्याऐवजी गुलाबी छटा पसंत केली. १९७२ च्या डिसेंबरात तो निवर्तला.

रोझ होबार्ट हिच्या वाट्याला मात्र याहून कठोर कात्री आली. साम्यवादी असल्याच्या संशयाने हॉलिवुडमधील कलावंतांची चौकशी चालू झाली, त्या काळात तिचे नाव काळ्या यादीत दाखल झाले आणि चित्रपटातील तिची कारकीर्द खुंटली. दूरचित्रवाणीवर ती पुन्हा दिसली ती १९६० नंतरच्या दशकात. १९९४ साली तिने आत्मचरित्र प्रसिद्ध केले, आणि ज्या बाईला पडद्यावर मुके करण्यात आले होते तिची स्वतःची हकीकत स्वतःच्या शब्दांत वाचकांपुढे आली. २००० साली ती वारली; पुढच्याच वर्षी कॉर्नेलचा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाला.

आपल्याकडील चित्रपट मंडळांनी हा चित्रपट अवश्य दाखवावा. मात्र त्याच्या आधी 'ईस्ट ऑफ बोर्निओ' संपूर्ण दाखवावा, म्हणजे रोझ होबार्टचा आवाज प्रेक्षकांनी एकदा तरी ऐकलेला असेल.