टाका फुकट, वेळेचे पैसे!

हाताची कला शिकवायचे पैसे घ्यावेत की नाही? वणीतल्या एका ओट्यावर मला पडलेला हा प्रश्न वारली चित्रांपर्यंत आणि थेट कायद्यापर्यंत घेऊन गेला.

ताटाभोवती मांडायची मोत्यांची महिरप तुमच्या घरी असेल. नसेल तर एखाद्या लग्नाच्या रुखवतात तरी पाहिली असेलच. आमच्या वणीत, जगदंबेच्या देवळापासून जवळच्या गल्लीत एक काकू राहतात. त्या क्रोशाच्या सुईनं अशा महिरपी विणतात. गल्लीतल्या निम्म्या मुलींना क्रोशा त्यांनीच शिकवला. फी? शून्य. दुपारची भांडी आवरली की आपली सुई आणि दोरा घेऊन ओट्यावर जाऊन बसायचं. आधी साखळी, मग मुका खांब, मग खांब. चुकलं की काकू एका ओढीत सगळं उसवणार आणि म्हणणार, "घाल पुन्हा." मीही तिथेच शिकले.

मास कॉमसाठी नाशिकला आले. महिनाअखेरीला खिसा रिकामा व्हायचा. मैत्रीण म्हणाली, "तुला एवढं येतं, तर वर्कशॉप घे ना!" घेतलं. एका रविवारी, चार तास, प्रत्येकी ६०० रुपये. १४ मुली आल्या. हॉलचं भाडं आणि सामान वजा जाऊन हातात पाच हजारांच्या आसपास राहिले. मी खूश! रील टाकली, त्यात कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं, "ही माझी स्वतःची स्टाइल आहे."

नवरात्रात घरी आले, तर काकूंनी ती रील आधीच पाहिलेली.

"छान शिकवतेस," त्या म्हणाल्या. "पानाचं टोक अगदी मी घालते तसंच घातलंस." मग थोडं थांबून, "किती घेतलेस गं?"

मी सांगितलं. काकू मनातल्या मनात हिशेब करत होत्या. एक महिरप त्या साडेचारशेला देतात. दोरा-मोत्यांचे सव्वाशे जातात. विणायला नऊ तास. म्हणजे तासाला ३६ रुपये. आमच्या भागात द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बाईचा रोजसुद्धा याहून बरा पडतो.

"पैसे घेतलेस त्याचं काही नाही," काकू म्हणाल्या. "माझं नाव घेतलंस का?"

नव्हतं घेतलं.

त्यानंतर काकूंनी ओट्यावर पान शिकवणं बंद केलं. साखळी शिकवतात, खांब शिकवतात, पण पान नाही. माझ्या एका रविवारची किंमत गल्लीतल्या लहान मुलींनी मोजली. हा लेख मी त्याच टोचणीतून लिहिते आहे.

मित्रमंडळात दोन तट

कॉलेजच्या ग्रुपवर विषय काढला. एक गट म्हणाला, "यूट्यूबवर सगळं फुकट आहे. तू टाका विकला नाहीस, तुझा वेळ विकलास. यात गुन्हा काय?" दुसरा म्हणाला, "विद्या दिल्यानं वाढते. फुकट शिकलीस, मग फुकट शिकव." दोन्ही पटतं, नाही का? मग अडतं कुठे?

उत्तर शोधायला आमच्या पश्चिमेला, डोंगरापलीकडे पाहू. वारली चित्रं आज तुमच्या कुर्त्यावर, कपावर, बेडशीटवर असतात. 'हॉबी क्लास'मध्ये तर हमखास शिकवतात. मुळात ही लग्नघरची कला. शेणानं-गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सुवासिनी चौक लिहायच्या, मधोमध पालघट देवी. ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. आज हिच्या घरचं लग्न, उद्या तिच्या. १९७० च्या दशकात सरकारी हस्तकला मंडळानं भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला पाड्यांवर पाठवलं. भिंतीवरची चित्रं कागदावर आली आणि जिव्या सोमा म्हसे हे नाव जगाला कळलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्यामुळे पाड्यांवरच्या अनेक तरुणांच्या हाताला काम मिळालं. म्हणजे बाजारानं फक्त वाईटच केलं असं नाही.

पण पुढे तीच तारप्याची रांग कारखान्यात हजारो मीटर कापडावर छापली जाऊ लागली. त्या कापडाचा एक पैसाही पाड्यावर जात नाही. भिंतीवर चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं तर बहुतेकांना कधी कळलीच नाहीत.

फुकट वाटणारे खेळणीवाले

आता दुसरं टोक. पुण्याचे अरविंद गुप्ता तुम्हाला माहीत असतील. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, स्ट्रॉ, जुनी वर्तमानपत्रं यांतून ते विज्ञानाची खेळणी करतात. कृती, फोटो, पुस्तकं, मराठीसह अनेक भाषांतले व्हिडिओ, सगळं त्यांनी इंटरनेटवर मोफत ठेवलं. घ्या, करा, शिकवा! २०१८ मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली. त्यामुळे कुठल्याही खेड्यातला शिक्षक आज एक रुपया न देता ती खेळणी वर्गात करू शकतो.

मग काकूंनीही असंच करावं? इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गुप्ता सरांनी आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या कामामागे संस्था उभी होती. काकूंच्या मागे कोण आहे? अवकाळी पावसात बाग गेली, त्या वर्षी घर चाललं ते रुखवताच्या ऑर्डरींवर. सगळं फुकट वाटायला आधी पोट भरलेलं लागतं.

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात सांगते. टाका, पद्धत, तंत्र कुणाच्याच मालकीचं नसतं. खांब कसा घालायचा यावर ना काकूंचा हक्क, ना माझा. पण तुम्ही स्वतः काढलेला नमुना, लिहिलेली कृती, केलेला व्हिडिओ यांवर तुमचा कॉपीराइट असतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. वस्तूचं डिझाइन मात्र २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवावं लागतं. त्याचं संरक्षण १० वर्षं, आणखी ५ वाढवून मिळतात. वारली चित्रांना आणि आपल्या येवल्याच्या पैठणीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. तो नावावरचा, सगळ्या समूहाचा हक्क. तुम्ही घरी हौसेनं वारली चित्र काढलंत तर तो आड येत नाही. भलत्याच मालाला ते नाव लावून विकू नये, यासाठी तो आहे.

काकूंच्या पानाला यातलं काहीच नाही. म्हणजे कायद्यानं मी सुटले. पण ओट्यावर गेले की सुटत नाही.

दळण कोण आणणार?

दिवाळीत हिंमत करून काकूंकडे गेले. रील काढून टाकली होती. नवीन टाकली, त्यात सांगितलं की हे पान मी वणीच्या काकूंकडून शिकले. अर्धे पैसे पाकिटात घालून नेले. काकूंनी पाकीट घेतलं, मोजलं, डब्यात ठेवलं. मी म्हटलं, "पुढचं वर्कशॉप तुम्हीच घ्या, मी मदतीला थांबते. आणि काकू, ओट्यावरच्या मुलींनाही आता फी लावा ना."

काकू हसल्या. "त्यांच्याकडून कशी घेऊ? ती समोरची माझं दळण आणते. तिची आई पापड लाटायला येते. मला ताप आला तेव्हा दोन दिवस डबा कुणी दिला?" मग सुईत दोरा अडकवत म्हणाल्या, "नाशिकच्या पोरी थोडंच दळण आणणारेत? त्यांच्याकडून घ्यायचे."

मी ज्याला इतकी वर्षं फुकट समजत होते, ते फुकट नव्हतंच. त्याची फेड गल्लीत होत होती. मी टाका गल्लीबाहेर नेला आणि फेड मागेच सोडली.

मार्चमध्ये काकूंचं पहिलं वर्कशॉप आहे. फी त्यांनीच ठरवली, ७५० रुपये. माझ्यापेक्षा जास्त! ओट्यावर पान परत सुरू होणार का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "बघू."

चौकट : क्लास घेताय? मग एवढं करा

• कुणाकडून शिकलात ते पोस्टमध्ये, क्लासमध्ये, मोठ्यानं सांगा.
• दुसऱ्याचा खास नमुना शिकवण्याआधी त्यांना विचारा आणि त्यांचा वाटा आधीच ठरवा.
• फी सांगताना सामान किती, वेळेचे किती, हे वेगळं सांगा.
• प्राथमिक टाके कुणी विचारले तर फुकट दाखवा. तुम्हालाही कुणीतरी तसेच दाखवले होते.