ग्राहकाची माहिती कोणत्या रकान्यात? सॉफ्टवेअर भरण्याआधी सल्लागारांनी हे ठरवावं

विमा, म्युच्युअल फंड, कर-नियोजन यांचं काम करणारी मुलं-मुली आता आपल्या बऱ्याच घरांत आहेत. सुरुवात वहीवर होते, मग एक्सेल येतं आणि ग्राहक शंभर-दोनशेच्या पुढे गेले की ग्राहकांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. त्यात नाव, फोन, पत्ता हे रकाने तयार मिळतात. बाकीचे आपण बनवायचे. त्यांनाच कस्टम फील्ड म्हणतात.

फील्ड बनवताना सॉफ्टवेअर पहिला प्रश्न विचारतं: प्रकार कोणता? टेक्स्ट, नंबर, तारीख, ड्रॉपडाउन की चेकबॉक्स? घाईत बहुतेक जण सगळीकडे टेक्स्ट निवडतात, कारण त्यात काहीही लिहिता येतं. पण त्यातून नंतर शोधून काढणं कठीण जातं. एका नोंदीत 'बायको', दुसरीत 'पत्नी', तिसरीत 'वाइफ' लिहिलं असेल, तर यादी कशी निघणार?

म्हणून आम्ही एकच कसोटी सुचवतो. या माहितीचं पुढे काय करायचं आहे? गाळून यादी काढायची असेल तर ड्रॉपडाउन, बेरीज करायची असेल तर नंबर, आठवण हवी असेल तर तारीख. फक्त वाचायचं असेल तरच टेक्स्ट.

आकडे दिसले म्हणून नंबर नव्हे

बँक खात्याचा नंबर, मोबाइल, पिनकोड यांची बेरीज आपण कधीच करत नाही. नंबर प्रकारात खात्याच्या सुरुवातीचं शून्य गळू शकतं, मधे स्वल्पविराम येऊ शकतो. हे सगळं टेक्स्टमध्येच ठेवा. पॅनमध्ये तर पाच अक्षरं, चार अंक आणि शेवटी एक अक्षर असतं, तोही टेक्स्टच. एसआयपीची रक्कम मात्र नंबरमध्ये हवी. वय कधीच लिहू नका, जन्मतारीख लिहा. वय दरवर्षी चुकत जातं. जन्मतारीख असेल तर कोणत्या ग्राहकाचं मूल यंदा १८ वर्षांचं होतंय, हे आधीच कळतं. मुलाच्या नावावरच्या फोलिओची कागदपत्रं तेव्हा बदलावी लागतात.

आपल्याकडे नावाचा घोळ मोठा आहे. 'शेख' इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिलं जातं, कधी नावाच्या आधी, कधी नंतर. 'मोहम्मद' एका कागदावर पूर्ण, तर दुसऱ्यावर नुसतं 'एमडी'. क्लेमच्या वेळी हेच आडवं येतं. म्हणून 'पॅनवरचं नाव' हा वेगळा टेक्स्ट रकाना ठेवा आणि 'पॅन, आधार, बँक यांत नाव जुळतं का?' यासाठी ड्रॉपडाउन द्या: जुळतं, जुळत नाही, तपासलं नाही.

इथे चेकबॉक्स का नको? रिकामा चेकबॉक्स 'नाही' म्हणतोय की 'विचारलंच नाही', हे कळत नाही. दोन्हींत फरक मोठा आहे.

जकातीची तारीख

ग्राहकाच्या जकातीच्या दिवशी त्याच्या गुंतवणुकीची किंमत काढून दिली, तर त्याचं मोठं काम होतं. पण तो दिवस चांद्र वर्षावर चालतो. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. नुसती तारीख टाकून 'दरवर्षी आठवण' लावली, तर पुढच्या वर्षी आठवण दहा-अकरा दिवस उशिरा येईल आणि तिसऱ्या वर्षी तीन आठवडे. म्हणून तीन रकाने करा: हिजरी महिना ड्रॉपडाउनमध्ये, दिवस नंबरमध्ये आणि 'यंदाची इंग्रजी तारीख' तारखेमध्ये. शेवटचा रकाना दरवर्षी नव्याने भरा आणि आठवण त्यावरच लावा.

व्याज नको, हे कोण ठरवणार?

काही ग्राहकांना व्याजाची कुठलीच योजना नको असते, काहींना चालते, काहींना विम्याबद्दल शंका असते. शरियाच्या निकषांवर शेअर निवडणारे फंड आपल्याकडे आहेत, टाटा एथिकल फंड त्यातलाच. पण नाव पाहून ग्राहकाची पसंती भरू नका. त्याला विचारा. 'काय टाळायचं' हा रकाना एकाहून जास्त पर्याय निवडता येणारा ठेवा: बँक ठेव, डेट फंड, विमा, यातलं काहीच नाही, अजून विचारलं नाही.

नॉमिनी आणि वारस वेगळे

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. बँकेत आता चारपर्यंत नॉमिनी देता येतात, म्युच्युअल फंडात सेबीच्या २०२५ च्या नियमांनंतर दहापर्यंत. 'नॉमिनी' नावाचा एकच टेक्स्ट रकाना पुरणार नाही. प्रत्येक नॉमिनीची वेगळी नोंद करा: नाव टेक्स्टमध्ये, नातं ड्रॉपडाउनमध्ये, जन्मतारीख तारखेत, वाटा नंबरमध्ये. फॉर्म शेवटचा कधी तपासला, तीही तारीख ठेवा. लग्नाआधी वडिलांचं नाव टाकलेलं असतं आणि पुढे बायको-मुलं आली तरी ते तसंच राहतं.

शिवाय नॉमिनी म्हणजे मालक, असा समज आहे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं की नॉमिनेशनमुळे वारसाहक्काचा कायदा बाजूला पडत नाही. आपल्या घरांत वाटे शरियतच्या नियमांनी होतात. म्हणून 'वारसांबद्दल बोलणं झालं का?' हा ड्रॉपडाउन वेगळा ठेवा.

सुरुवात कशी करायची?

बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये माहिती भरल्यावर फील्डचा प्रकार बदलता येत नाही, किंवा बदलताना माहिती जाते. म्हणून आधी कागदावर यादी करा, दहा ग्राहकांची माहिती भरून पाहा, मगच सगळी भरा. जे लागणार नाही ते विचारू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे: सांगितलेल्या कामापुरतीच माहिती, आणि तीही संमतीने.

आणि आपण ग्राहक असाल, तर पुढच्या भेटीत सल्लागाराला एवढंच म्हणा: "माझी नोंद जरा उघडून दाखवा." नॉमिनीचं नाव, नावाचं स्पेलिंग आणि मुलांच्या जन्मतारखा स्वतः वाचून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. राहून गेलं, तर मागे राहिलेल्या माणसांना ऑफिसांच्या चकरा माराव्या लागतात.